सूरवाल्याची थुंकी

ईश्वरी दारात आली तेव्हा मी पत्ती तासत बसलो होतो. पत्ती म्हणजे सनईच्या तोंडाशी बसवायची, गवताच्या कांड्यातून कापून काढलेली चपटी जीभ. सगळा आवाज तिच्यातूनच निघतो, आणि तासताना एक काप जास्त बसला की ती फुकट जाते. म्हणून मान वर न करताच मी विचारलं, "कोण हाय?"

"मी ईश्वरी, काका. नागनाथ गुरवांची."

ती पत्ती फुकटच गेली.

नागनाथ माझा चुलतभाऊ. त्याचे वडील आप्पा हे आम्हा दोघांचे गुरू. आप्पांनी नाग्याच्या हातात सनई दिली आणि माझ्या हातात सूर. सनईच्या मागं दुसऱ्या सनईवर एकच स्वर अखंड वाजत असतो, तो सूर. ऐकणाऱ्यांचं त्याच्याकडे लक्ष नसतं, तो थांबला की मात्र सगळे माना वळवून बघतात. उभं आयुष्य मी नाग्याच्या मागं बसून तो एक स्वर धरला. गालात हवा साठवायची, ती सोडता सोडता नाकानं श्वास घ्यायचा, पुन्हा गाल भरायचे. काही झालं तरी सूर तुटू द्यायचा नाही. लोक नाग्याला शाल घालायचे आणि मला नारळ द्यायचे. मला त्याचं काही वाटायचं नाही. खोटं कशाला सांगू, घरात नारळ लागतोच.

वाटलं ते सांगलीच्या एका लग्नात. मी कडक इस्त्रीचं धोतर नेसून, फेटा बांधून पोचलो, तर माझ्या बैठकीवर एक काळी पेटी ठेवलेली. सूरपेटी. ती सनई ऐकून आपोआप पट्टी जुळवते, दमत नाही, पंगतीला बसत नाही, तिला रिक्षाभाडं लागत नाही. नाग्या म्हणाला, "कल्ल्या, आज तू नुस्ता बसून ऐक. आराम कर की." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तसाच फेट्यासकट परत आलो, आणि पुन्हा त्या घराची पायरी चढलो नाही. दोघं मिरजेतच राहतो, पण बाजारात तो दिसला तर मी वाट बदलायचो. तोही बदलायचा. एकदा दोघांनी एकाच बोळात वाट बदलली आणि मोठी पंचाईत झाली.

ही ईश्वरी तेव्हा शाळेत होती. आता ती इस्पितळातल्या फेज-पेढीत काम करते असं कानावर होतं. तिथं नक्की काय करतात ते मला ठाऊक नव्हतं. तिच्या हातात निळ्या झाकणाची एक छोटी बाटली होती.

"काका," ती म्हणाली, "यात थुंकाल का?"

"आगं, उभ्या जन्मात मी कुणाची थुंकी झेलली न्हाई, आणि तू माझी झेलायला आलीस व्हय?"

ती हसली नाही. "बाबा इस्पितळात आहेत. छातीत जंतू झालाय. एकही औषध लागू पडत नाही."

गोळ्यांचे दिवस गेले हे मलाही माहीत होतं. आमच्या तरुणपणी शिंक आली तरी लोक दुकानातून गोळी आणून खायचे. आता जंतू त्या गोळ्यांना भीक घालत नाहीत आणि डॉक्टर लोक कापलेल्या बोटालाही घाबरतात. पण नाग्याचं नाव निघालं की माझी जीभ आधी चालते आणि डोकं मागून.

"मग सूरपेटीला सांग की थुंकायला," मी म्हणालो. "माझ्याकडं कशापायी आलीस? त्याला सोताला येऊ दे. 'कल्ल्या, चुकलं' म्हणू दे. मग बघू."

"त्यांना बोलता येत नाही, काका. घशात नळी आहे."

मी तासणी खाली ठेवली.

"हे आधी सांगायचं न्हाई व्हय, भवाने! आण ती बाटली."

नुसती थुंकी नको होती तिला, छातीतून खाकरून काढलेला कफ हवा होता. त्याची माझ्याकडे कधीच कमतरता नव्हती. सकाळी मोरीत उभं राहून पोटभर खोकल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही. आप्पांनाही तसा खोकला होता. गल्लीत त्याला गुरवांचा भोंगा म्हणायचे. मी बाटली भरून दिली आणि मग विचारलं, "पण माझीच का?"

ती दारातच पायरीवर बसली. "गल्लीच्या तोंडाशी गटारात पालिकेनं डबा बसवलाय ना, रोगांचा माग काढणारा? त्याचं पाणी आमच्या पेढीत येतं. काका, जंतूंनाही रोग होतात. प्रत्येक जातीच्या जिवाणूला खाणारा कुठलातरी विषाणू असतो, त्याला फेज म्हणतात. माणसाचं तो काही बिघडवत नाही, माणसाची पेशी त्याला ओळखीचीच नसते. त्याला फक्त त्याचा तो जिवाणू दिसतो. आम्ही ओढ्या-नाल्यांतून असे फेज गोळा करून ठेवतो, आणि ज्याला जो जंतू झाला असेल त्यावर लागू पडणारा शोधून देतो. बाबांच्या जंतूला लागू पडणारा कुठंच मिळेना. कृष्णेचं पाणी झालं, गोठे झाले, मासळीबाजार झाला. परवा तुमच्या गल्लीच्या डब्यात मिळाला. अगदी कणभर. इतका कमी की त्याच्यावर औषध होणार नाही. म्हणून एकेक झाकण उघडत आम्ही त्याच्या मागावर निघालो."

"आन मग?"

"शेवटचं झाकण तुमच्या मोरीचं निघालं, काका."

*

दुसऱ्या दिवशी बिनड्रायव्हरची रिक्षा मला न्यायला आली. तिच्याशी भांडायलाही कुणी नसतं, म्हणून मी मुकाट्यानं बसलो. इस्पितळात डॉक्टर नसीम मुजावर भेटल्या. ईश्वरीच्या साहेब. चेहऱ्यावरून कडक वाटल्या, पण मला खुर्ची दिली, स्वतः उभ्या राहिल्या आणि काचेची एक बशी माझ्यासमोर धरली.

बशीत दुधावरच्या सायीसारखा गढूळ थर होता. "हा तुमच्या भावाच्या छातीतला जंतू. स्यूडोमोनास. आणि इथं आम्ही तुमच्या कफातला फेज टाकलाय." थराला जागोजागी भोकं पडली होती, आरपार स्वच्छ. जणू कुणी बोटानं साय चाटली होती.

"हे माझ्या थुंकीनं केलं?"

"तुमच्या थुंकीतल्या फेजनं. जिवाणूवर तो पाय रोवून बसतो आणि आपलं जनुकद्रव्य आत सोडतो. मग जिवाणूचाच सगळा कारखाना त्याच्यासाठी राबतो. आत शेकड्यानं नवे फेज तयार होतात, भिंत फोडून बाहेर पडतात आणि शेजारच्या जिवाणूंवर जाऊन बसतात. आमच्या पेढीतल्या फेजना मुळात पायच रोवता येत नव्हते. तुमच्या भावाच्या जंतूनं अंगावर चिकट बुळबुळीत थर ओढून घेतलाय. औषध त्यातून जात नाही, शरीराच्या पेशी जात नाहीत. तुमच्या फेजजवळ मात्र तो थर विरघळवणारं प्रथिन आहे."

"त्याला हे कुणी शिकवलं?"

"तुमच्या छातीनं," मुजावर बाई म्हणाल्या. "तुमच्या छातीतही हाच जंतू आहे. दोन्हींची जनुकं वाचली, तर ते सख्ख्या भावांसारखे निघाले. दोघांना तो एकाच ठिकाणाहून मिळालाय, आणि तोही फार पूर्वी."

मी ईश्वरीकडे बघितलं आणि ईश्वरीनं माझ्याकडे. आम्हा दोघांना एकदमच कळलं. आप्पांची रीत होती ती. नवी पत्ती आधी आप्पांच्या तोंडात जायची. ते ती चावून-चोखून मऊ करायचे, दोन फुंका मारून बघायचे आणि मग आमच्या तोंडात द्यायचे. तो त्यांचा आशीर्वाद. पुढं आप्पा गेले तरी आमच्या पत्त्या एकाच पितळी फुलपात्रात भिजत पडायच्या आणि ज्याच्या हाताला जी लागेल ती तो तोंडात घालायचा. ही तुझी, ही माझी, असं आमच्यात नव्हतंच. बाईंना मी हे सगळं सांगितलं.

"म्हणजे आप्पांनी विद्येबरोबर हेबी दिलं," मी म्हणालो. "पण मग मी धडधाकट कसा?"

"तुमच्याकडे जंतूबरोबर त्याचा फेजही आला. जंतू वाढला की फेज वाढतो, जंतूनं रूप बदललं की फेजही बदलतो. इतकी वर्षं दोघांची जुंपलेली आहे. कुणी जिंकत नाही, म्हणून तुम्हाला सकाळचा खोकला असतो आणि बाकी काही नसतं. तुमच्या भावाच्या छातीत तो फेज कधी नीट रुजला नसावा. पण एका भांड्यातल्या पत्त्या म्हणालात ना, त्यातून त्यांना तो तुमच्याकडून मिळत राहिला असणार." त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "काही वर्षांपूर्वी अचानक मिळायचा बंद झालेला दिसतो. तेव्हापासून जंतू मोकाट सुटलाय. त्या सुमारास काही बदललं होतं का?"

ईश्वरीनं मान खाली घातली. बाईंना पेटीची गोष्ट ठाऊक नव्हती.

मला आधी हसू आलं. मोठ्यानं, त्या शांत खोलीत शोभणार नाही असं. पेटीला छाती नसते, नाग्या! पट्टी जुळवते म्हणे! मग हसू गेलं आणि जो राग आला तो कुणावर काढावा ते कळेना. एक पेटी मांडायची ती काय आणि त्यापायी मरायला टेकायचं ते काय.

"मीही चुकले," ईश्वरी हळूच म्हणाली. "बाबांचा खोकला वाढला तेव्हा मी त्यांची सनई, जुन्या पत्त्या, फुलपात्र, सगळं उकळून काढलं. पत्त्या तर फेकूनच दिल्या. त्यात तुमचा फेज थोडा जरी उरला असता..."

"गप," मी म्हणालो. "मरेपर्यंत थुंकी पुरवायला मी बसलोय न्हवं? काय पाहिजे तेवढी घ्या."

*

माझा फेज त्यांनी मोठ्या भांड्यात वाढवला, गाळून गाळून शुद्ध केला आणि फवारा करून नळीतून नाग्याच्या छातीत सोडला. मी काचेतून बघत होतो. फेटा बांधल्यावर नवरदेवापेक्षा उठून दिसणारा माणूस वाळलेल्या दोडक्यासारखा पडला होता. छाती यंत्र हलवेल तशी हलत होती.

पहिल्या फवाऱ्यानंतर ताप उतरायच्या ऐवजी फणफणला. जंतू फुटले की त्यांच्या पोटातलं विष बाहेर सांडतं, असं बाईंनी सांगितलं. मग ताप उतरला. कफाचा हिरवा रंग गेला. ईश्वरी घरून डबा आणून आमच्याबरोबर जेवायला लागली. आणि मग एका सकाळी ती हातात कागद घेऊन बाकावर येऊन बसली आणि रडायलाच लागली.

"काका, ताप पुन्हा चढलाय. जंतूनं दार बंद केलं. बशीत आता एकही भोक पडत नाही. जे उरलेत त्यांच्यात फेजला शिरता येत नाही."

माझी पाचावर धारण बसली. माझ्या थुंकीची किंमत संपली म्हणायची. आता आणखी कुणाच्या मोरीत जाऊन शोधायचं? मी तरातरा मुजावर बाईंच्या खोलीत गेलो. त्या त्याच कागदाची प्रत बघत चहा पीत होत्या. चहा! माझं डोकंच फिरलं.

"बाई, माझा भाऊ मरायला लागलाय आन तुम्ही..."

"बसा काका. मी याचीच वाट बघत होते," त्या म्हणाल्या. "जंतूनं दार बंद केलं हे खरं. पण कसं केलं ते बघा. फेजला आधी कशालातरी धरावं लागतं. जंतूच्या अंगावर साखरेच्या लांब साखळ्या असतात, त्यांना धरून तो बसतो. त्याच्या हाती लागू नये म्हणून उरलेल्या जंतूंनी त्या साखळ्याच टाकून दिल्यात. चिकट थरही फेजनं आधीच विरघळवलाय. म्हणजे ते आता उघडे पडलेत. बशीत त्यांना कसलीच भीती नाही. छातीत आहे."

मग त्यांनी जे सांगितलं ते मला माझ्या भाषेत असं समजलं. आपल्या श्वासनळीच्या अस्तरातच एक औषध पाझरत असतं. प्रथिनांचे लहान लहान तुकडे, पेप्टाइड म्हणतात त्यांना. त्यांच्यावर एका जातीचा वीजभार असतो आणि जिवाणूच्या पडद्यावर दुसऱ्या जातीचा, म्हणून ते जिवाणूलाच जाऊन चिकटतात. घुसतात आणि पडद्याला भोक पाडतात. जिवाणूच्या आतलं सगळं बाहेर सांडतं. प्रत्येक माणसात हे चालूच असतं, आपल्याला पत्ता नसतो. नाग्याच्या छातीतही पेप्टाइड होते, पण चिकट थर आणि साखळ्या यांच्यापुढे त्यांचं काही चालत नव्हतं. आता चालणार होतं. आणि त्यांच्या पाठोपाठ रक्तातल्या पांढऱ्या पेशी येऊन उरलेले जंतू गिळणार होत्या.

"फेज एकट्यानं सगळं करत नाही, काका. तो रस्ता मोकळा करतो. पुढचं काम शरीराचं."

"म्हणजे सनई, सूर आन चौघडा," मी म्हणालो. "तिघं जुळले तर कार्यक्रम."

"तसंच समजा." त्यांनी कप खाली ठेवला. "फक्त त्यांचं शरीर फार थकलंय. ते हे काम उचलतं की नाही, ते मला सांगता येणार नाही. पेप्टाइड आम्हीही बनवून देतोय, पण पांढऱ्या पेशी त्यांच्या त्यांनीच धाडायला हव्यात."

त्या दिवशी मला नाग्याजवळ बसू दिलं. तोंडाला मास्क, अंगात कागदी झगा. बोलणं आमचं कधी नव्हतंच. तो वाजवायचा, मी धरायचो. बसून बसून केव्हातरी नर्स पडदा सारून आत आली आणि एकेका यंत्राजवळ कान लावून बघायला लागली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काहीतरी वाजतंय हो मघापासून. एकसारखं. कुठलं मशीन बिघडलं काय की."

मी तोंड मिटलं. आवाज थांबला. तिनं माझ्याकडे रोखून बघितलं, मग नाग्याकडे, मग यंत्रांवरच्या आकड्यांकडे.

"हळू चालू दे, आजोबा," ती म्हणाली आणि निघून गेली.

सकाळी ताप नव्हता. ईश्वरीनं नाग्याचा कफ सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि मलाही बघायला बोलावलं. मोठमोठ्या गोल पेशी, आणि त्यांच्या पोटात काड्यांसारखे गिळलेले जंतू. माझ्या डोळ्यांतलं पाणी त्या यंत्राच्या काचेवर पडलं आणि ईश्वरी ओरडली, "काका, लेन्स!" आणि मग तीही हसत हसत डोळे पुसायला लागली. माझा जीव भांड्यात पडला. कितीतरी वर्षांनी मी कुणाच्या तरी गळ्यात पडलो.

*

नळी काढल्यावर नाग्याचा पहिला शब्द पाणी होता. दुसरा मी होतो.

"कल्ल्या," त्याच्या आवाजाला नुसती खरखर होती. "माझ्या आत काय घातलं म्हणं यांनी?"

"माझी थुंकी."

त्यानं तोंड वाकडं केलं. हसायला गेला आणि खोकला आला. खोकला थांबेपर्यंत मी त्याची पाठ धरून ठेवली. मग तो उशीवर टेकला आणि छताकडे बघत बोलायला लागला.

"जयसिंगपूरला लग्न होतं. ऐन आलापात खोकला आला. सनई थांबली. आन पेटीबी थांबली रे. ती सनई ऐकून चालती. सनई न्हाई तर तीबी न्हाई. सगळ्या मांडवात माझा खोकला तेवढा ऐकू आला. लोकं जेवायची थांबून बघालेली." तो दम खाऊन पुढं म्हणाला, "तू असतास तर थांबला नसतास."

"न्हाई थांबलो असतो."

"चुकलं, कल्ल्या."

हा शब्द ऐकायला मी इतकी वर्षं कान टवकारून बसलो होतो. ऐकला, आणि कुठं बघावं तेच कळेना. "गप पड," एवढंच म्हणालो.

तो घरी जायच्या आधी मुजावर बाईंनी आम्हा दोघांना समोर बसवलं. नाग्याच्या फुफ्फुसात जुने व्रण आहेत, त्यांच्या कानाकोपऱ्यात दोन-चार जंतू लपून राहणारच, असं त्यांनी सरळ सांगितलं. मग माझ्याकडे वळल्या.

"काका, तुमची छाती आम्ही साफ करू शकतो. आता फेज आहे, पेप्टाइड आहेत. सकाळचा खोकला जाईल. तुमच्या वयाला मी ते करून घ्या असंच म्हणेन. आज शरीराचा पहारा चोख आहे. तो सैल पडला तर हाच जंतू तुमच्यावर उलटू शकतो."

"आन माझ्यातला जंतू गेला की फेज?"

"त्याचं खाणंच संपलं की तोही संपणार."

"तुमच्या फ्रीजमध्ये हाय की."

"आहे. पण फ्रीजमधला फेज आज आहे तसाच राहणार. यांच्या छातीतला जंतू उद्या वेगळं रूप घेईल. तुमच्या छातीत दोघं एकमेकांना बघून बदलत राहतात, म्हणून तुमचा फेज नवनव्या रूपांवर चालतो. तसं आम्हाला काचेत जमलेलं नाही. अजून तरी."

"काढून टाक," नाग्या एकदम ओरडला. त्या आवाजात इतका जोर असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. "माझ्यापायी छातीत रोग बाळगतोस व्हय? बाई, काढा ते. आजच काढा."

"तुला कुणी विचारलं रे?" मी म्हणालो. "छाती माझी हाय."

"कल्ल्या, ऐक..."

"उभा जन्म तुझ्या मागं बसून सूर धरला. तू वर गेलास, खाली आलास, कुठंबी भटकलास. मी जागचा हललो का? आता म्हातारपणी हलू व्हय?" मी बाईंकडे बघितलं. मला भीती वाटत होती, नाही असं नाही. आप्पांचे शेवटचे दिवस मी बघितले होते. पण त्या भीतीपेक्षा हायसं जास्त वाटत होतं. इतकी वर्षं कुणी मला काही धरायला सांगितलं नव्हतं. "राहू दे, बाई. दर महिन्याला येऊन तपासून जाईन. तुम्ही नजर ठेवा. उलटायला लागला तर मग बघू."

बाईंनी हात पुढं केला. कुठल्या डॉक्टरनं माझा हात असा हातात घेतल्याचं मला आठवत नाही.

ईश्वरीनं नियम घालून दिले. पत्त्या ज्याच्या त्याच्या, दोन भांडी, दोन रंगांचे दोरे. एकमेकांची पत्ती तोंडात गेलेली दिसली तर दोघांची वाद्यं जप्त. आता मी ठरलेल्या दिवशी बाटली भरून देतो, पेढीत तिचा फवारा होतो आणि नाग्या रोज सकाळी तो ओढतो. ओढताना तोंड असं करतो की एरंडेल पाजतायत. मी मुद्दाम त्या वेळेला चहाला जातो. गल्लीत नाग्यानंच सगळ्यांना सांगून ठेवलंय की गुरवांच्या घराण्यात थुंकी झेलायची वेळ आता थोरल्या पातीवर, म्हणजे त्याच्यावर आलीय.

जयसिंगपूरच्या त्याच घरात धाकट्या मुलीचं लग्न निघालं आणि बोलावणं आलं. नाग्या नको म्हणत होता. मी फेटा इस्त्री केला. सूरपेटीही घेतली. माझ्या गुडघ्यांना आताशा मांडी घालवत नाही आणि ती पेटी बसायला अगदी बेताच्या उंचीची आहे.

मांडव भरलेला होता. नाग्यानं सुरुवात जपून केली. मग रंगला. मी मागं पेटीवर बसून गाल भरत होतो, सोडत होतो. त्याच्या पाठीकडे बघत वाजवायची माझी जुनी सवय आहे. पाठीवरून मला कळतं की तो वर जाणार की खाली येणार. ऐन आलापात त्याची पाठ आखडली. वरच्या स्वराला जाता जाता त्याचा दम संपला आणि सनई ओठांवरून खाली आली. बारीक खोकला आला, तो त्यानं फेट्याच्या लोंबत्या शेमल्यात दाबला.

मी सूर सोडला नाही. मांडवात तो एकच स्वर राहिला. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं डोळे मिटून मान डोलावली. त्याला वाटलं, हे असंच असतं. नाग्याची पाठ हळूहळू सैल झाली. त्यानं सावकाश दम घेतला, मागं न बघता सनई उचलली आणि जिथं सोडली होती तिथूनच पुढं वाजवायला लागला.